न खणलेली कड

असिसीच्या संत फ्रान्सिसचे निधन १२२६ साली झाले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी त्याच्याच संघातील थॉमस ऑफ चेलानो या बंधूने त्याचे दुसरे चरित्र लिहिले. त्या चरित्रात मोठमोठ्या चमत्कारांच्या गर्दीत मठाच्या परसबागेविषयी एक लहानशी नोंद आहे. बाग सांभाळणाऱ्या बंधूला फ्रान्सिसने सांगून ठेवले होते, की सगळीच जमीन भाजीपाल्यासाठी खणू नकोस. कडेची जमीन तशीच राहू दे, म्हणजे तिथे आपोआप उगवणारे गवत आणि रानफुले आपापल्या वेळी वर येतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकाच्या बाराव्या परिच्छेदात या प्रसंगाची आठवण दिली आहे. परिपत्रक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. परंतु हवामानबदल आणि कर्जबाजारी राष्ट्रे यांसारख्या मोठ्या विषयांच्या ओघात ही परसबागेची गोष्ट बहुधा नजरेतून निसटते. आम्हांला मात्र तीच फार महत्त्वाची वाटते. घराभोवतालची जमीन केवळ आपल्या उपयोगाची नाही, तिच्यात न बोलावलेल्यांचाही वाटा आहे, हा विचार युरोपात इतक्या स्पष्टपणे मांडला गेल्याचे याहून जुने उदाहरण आमच्या वाचनात नाही.

फ्रान्सिसचे कारण भक्तीचे होते. सातशे वर्षांनंतर याच निष्कर्षाला काही माणसे अगदी वेगळ्या वाटेने येऊन पोचली. त्यांच्या हाती जपमाळ नव्हती, वही आणि भिंग होते. या लेखात आम्ही मुख्यतः त्यांचा इतिहास सांगणार आहोत, कारण त्या इतिहासाचा धागा आपल्या वसईच्या वाड्यांपर्यंत, आणि वाड्यांतल्या बुजत चाललेल्या बावखलांपर्यंत येतो.

आधी थोडे हिरवळीविषयी. आज आपल्याकडे कुणी नवा बंगला बांधला, की पुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, मधोमध विकत आणून अंथरलेल्या गवताचा चौकोन आणि कडेला एका मापात कातरलेली चार शोभेची झाडे, हेच 'बाग' या शब्दाचे चित्र होऊन बसले आहे. हे चित्र आपले नव्हे, आणि फार जुनेही नव्हे. कातरलेली हिरवळ ही अठराव्या शतकातील इंग्लिश उमरावांची चैन होती. गवत एका उंचीवर ठेवण्यासाठी एक तर मेंढ्यांचे कळप लागत, नाही तर विळे चालवणाऱ्या मजुरांची फौज. ज्याला ते परवडे त्याच्याच दारात हिरवळ असे. आणि जमीन पिकाविना मोकळी ठेवण्याची ऐपत आपल्यापाशी आहे, हे तिच्यातून न बोलता सांगता येई. १८३० साली ग्लॉस्टरशरमधील एडविन बडिंग नावाच्या कारागिराने लोकरी कापडावरचे तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र तयार केले, आणि उमरावांची चैन कारकुनाच्या दारात आली. अमेरिकेत तिला फ्रँक स्कॉट या लेखकाने जणू नागरी कर्तव्याचे रूप दिले. उपनगरांतील घरांच्या शोभेविषयीचे त्याचे पुस्तक १८७० साली निघाले. घरापुढे सपाट, आखूड, अखंड हिरवळ असावी आणि शेजाऱ्याच्या हिरवळीशी ती जोडलेली असावी, असा त्याचा आग्रह. कुंपण घालून निसर्गाचे सौंदर्य इतरांच्या दृष्टीआड करणे हे ख्रिस्ती वृत्तीला शोभत नाही, अशा अर्थाचे विधानही त्याने केले. निर्गुडीच्या आणि अडुळशाच्या कुंपणांत बुलबुलांची घरटी पाहत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे धर्मशास्त्र पचले असते असे वाटत नाही.

त्याच १८७० साली लंडनमध्ये नेमक्या उलट मताचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) हा आयर्लंडमधील एका साध्या कुटुंबातून आलेला माळी. त्याच्या 'द वाइल्ड गार्डन' या पुस्तकाने तत्कालीन बागकामावर कोरडे ओढले. काचघरांत हजारोंनी रोपे वाढवायची, उन्हाळ्यात ती गालिच्यासारखी रंगवार मांडायची आणि थंडी पडताच उपटून फेकून द्यायची, हा त्या काळचा श्रीमंती रिवाज होता. रॉबिन्सनचे म्हणणे असे, की जी झाडे कुणी न जोपासता तगतील आणि दरवर्षी आपणहून फुलतील, तीच बागेत त्यांच्या स्वभावाला मानवेल अशा जागी लावावीत. पुढे ससेक्स परगण्यात ग्रेव्हटाय येथे त्याने स्वतःची जमीन घेऊन हे करून दाखवले.

रॉबिन्सनला आज या चळवळीचा आद्य पुरुष मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला आंधळेपणाने गुरू करू नये. स्वदेशी आणि परदेशी झाडांत तो भेद करीत नसे. जपानमधून आलेली एक बळकट, बांबूसारखी दिसणारी नॉटवीड नावाची वनस्पती त्याने मोठ्या कौतुकाने शिफारशीत घातली. तिच्या मुळांनी पुढे इंग्लंडमध्ये नदीकाठ, रूळमार्ग आणि घरांची जोती यांचा ताबा घेतला. ती लावणे सोपे पण घालवणे कठीण, असा इशारा नंतर त्याच्याच लेखनात येतो. आपल्याकडे घाणेरी आणि जलपर्णी यांचा इतिहास याहून वेगळा नाही. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. दोन्ही एकोणिसाव्या शतकात फुलांच्या हौसेपोटी भारतातील बागांत आणल्या गेल्या. घाणेरीने डोंगर व्यापले, जलपर्णीने तळी. बागेचे कुंपण माणसासाठी असते, बीजाला ते कळत नाही.

तथापि या इतिहासातील आमचा आवडता पुरुष रॉबिन्सन नव्हे. तो मान याकोबुस टाइसे (१८६५–१९४५) या डच शाळामास्तरांचा. अॅमस्टरडॅममध्ये मुलांना शिकवीत असता त्यांच्या ध्यानात आले, की मुलांना पुस्तकातला हत्ती ओळखता येतो, पण घरामागच्या ओढ्यातील बेडकाचे नाव सांगता येत नाही. एली हायमान्स या सहकारी शिक्षकासह त्यांनी मुलांसाठी निसर्गाची छोटी छोटी पुस्तके लिहिली. १८९६ पासून एक मासिकही चालवले. पुढे व्हेरकाडे नावाच्या बिस्किटांच्या कारखान्याने त्यांच्याकडून चित्रसंग्रहांचा मजकूर लिहून घेतला. बिस्किटांच्या पुड्यात एक रंगीत चित्र निघे, ते मुलांनी संग्रहात योग्य जागी चिकटवायचे आणि बाजूचा टाइसेंचा मजकूर वाचायचा. १९०६ साली वसंत ऋतूवरील पहिला संग्रह निघाला. बिस्किटे खाता खाता डच मुलांची पिढीच्या पिढी आपल्या देशातली फुले आणि पाखरे ओळखू लागली. जाहिरातीचा इतका सत्कारणी उपयोग झाल्याची उदाहरणे थोडी.

याच सुमाराला एक प्रसंग उद्भवला. अॅमस्टरडॅमपासून जवळच नार्डरमेअर नावाचे उथळ सरोवर आहे. वेतांनी वेढलेले, आणि चमच्या पक्ष्यांच्या वसाहतीमुळे प्रसिद्ध. १९०४ साली शहरातील कचरा टाकण्यासाठी हे सरोवर वापरावे, असा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे आला. प्रस्ताव मांडणारी माणसे दुष्ट नव्हती. शहर वाढत होते, कचरा कुठे तरी टाकणे भाग होते, आणि वेताने भरलेल्या पाण्याचा हिशेब 'पडीक जागा' या सदरात होत असे. टाइसेंनी वर्तमानपत्रांतून लेखणी चालवली. प्रस्ताव थोड्या मतांनी फेटाळला गेला. परंतु आज फेटाळलेला प्रस्ताव उद्या पुन्हा येतो, हे ओळखून त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९०५ साली निसर्गस्थळांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली आणि १९०६ साली ते सरोवर चक्क विकत घेतले. नेदरलँड्समधील ते पहिले राखीव निसर्गस्थळ. भावनेने आरंभ झालेली गोष्ट खरेदीखतापर्यंत नेण्याचा हा व्यवहारी शहाणपणा आपण डचांकडून शिकण्यासारखा आहे.

टाइसेंच्या साठाव्या वाढदिवसाची, १९२५ सालची भेट म्हणजे एक बाग होती. हारलेमजवळ ब्लूमेनदाल येथे सुमारे दोन हेक्टर जागेत ही बाग साकारली. आराखडा लेओनार्द स्प्रिंगर या नामांकित उद्यानरचनाकाराचा. तिचे नाव 'टाइसेस होफ', म्हणजे टाइसेंचे अंगण. तिच्यात लावायचे ते फक्त त्या प्रदेशातील, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आपोआप उगवणारे. थोडी झाडी, थोडा वाळवंटी उतार, एक तळे, एक शेताचा तुकडा आणि त्यातले तणसुद्धा! शाळेतल्या मुलांनी यावे आणि आपल्याच दारात काय उगवते ते पाहावे, हा हेतू. अशा बागांना डच भाषेत पुढे 'हेमटाउन' असे नाव रूढ झाले. 'हेम' म्हणजे घर, घरठाण. जगातील सुंदर झाडे एकत्र आणणारी ती वनस्पती-उद्यान, आणि घरची झाडे घरी ठेवणारी ती हेमटाउन. ब्लूमेनदालची ही बाग शंभर वर्षांनंतर आजही चालू आहे. तिच्या धर्तीवर १९३९ पासून आम्स्टेलव्हेन या उपनगरात पीटयुक्त दलदलीच्या जमिनीवर रानफुलांची उद्याने तयार झाली, त्यांपैकी एकाला टाइसेंचेच नाव आहे. वाळूला वाळूची झाडे, दलदलीला दलदलीची. माती बदलून घ्यायची नाही, मातीला विचारून झाड लावायचे, हा या परंपरेचा पाया.

ब्लूमेनदालच्या वाळूविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण इथून वाट सरळ वसईकडे वळते. अॅमस्टरडॅम शहर पाण्यात बांधलेले, पण पिण्यायोग्य पाणी त्याला नव्हते. १८५३ साली हारलेमजवळच्या याच वाळूच्या टेकड्यांखालचे गोडे पाणी नळाने शहरात आले. आरंभी ते एका सेंटला एक बादली या दराने विकले जाई. वाळूखाली पाणी आहे आणि ते गोड आहे, एवढेच तेव्हा ठाऊक होते. ते गोड का राहते, याचा उलगडा १८८९ च्या सुमारास बाडोन गाइबेन या डच लष्करी अभियंत्याने केला आणि १९०१ साली जर्मनीच्या हेर्त्सबेर्ग याने स्वतंत्रपणे तोच नियम मांडला. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, पाण्यावर बर्फ तरंगावे तसे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हिशेब वाचायला सोपा आहे; त्याची दुसरी बाजू भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरवली, की कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. अॅमस्टरडॅमने उपसा वाढवला; टेकड्यांमधली ओलसर खळगी सुकली, तिथली नाजूक फुले गेली, आणि खालून खारे पाणी चढू लागले. अखेर १९५७ पासून नदीचे पाणी आणून ते वाळूत मुरवण्याची व्यवस्था करावी लागली. म्हणजे पावसाने जे काम फुकट केले असते, ते यंत्रांकडून आणि पैसे मोजून करून घ्यावे लागले.

आता आपल्या बावखलाकडे पाहावे. बाव म्हणजे विहीर आणि खल म्हणजे खळगा. वाडीच्या सखल भागात असलेले, वेड्यावाकड्या आकाराचे, उतरत्या मातीच्या काठांचे हे गोड्या पाण्याचे तळे. ते अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीचे. भोवती नारळी, भेंड, उंडी, करंज. काठाला अळू आणि केळी. पावसाळ्यात वाडीभरचे पाणी पाटांनी येऊन त्यात साठायचे आणि हळूहळू जमिनीत झिरपायचे. रहाटाने उपसलेले पाणी आळ्यांत फिरून झाडांना पुरे पडे आणि उरलेले पुन्हा जमिनीत मुरे. ज्या पूर्वजांनी बावखले खणली आणि राखली, त्यांनी गाइबेनचे नाव ऐकलेले असणे शक्यच नव्हते. तरीही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या विहिरी गोड्या राहिल्या. किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याची ती वर उचललेली पातळी बावखलांनी सांभाळली होती. वाडी म्हणजे आजच्या भाषेत ज्याला परिसरानुरूप उद्यानरचना म्हणतात, तीच; फक्त ती कागदावर कुणी काढली नव्हती. उंच नारळी-पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, केळीच्या गारव्यात पानवेल, खाली अळू आणि हळद. मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात, पाचोळा झाडाच्या बुंध्याशी, आणि झावळीचा तर काडीकाडीने उपयोग. आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांपासून होते, त्या केळी याच रचनेच्या लेकी.

इथे थोडे थांबून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली ही, की वाडी म्हणजे नंदनवन नव्हते. रहाटामागे पहाटेपासून बैल हाकणारे मूल असे, पाट वळवणारी बाई गुडघाभर चिखलात असे, आणि वर्षाचा हिशेब सावकाराच्या वहीत. वाडी सुंदर होती ती पोट भरण्याच्या खटाटोपात. सौंदर्यासाठी म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट परदेशी झाडांची. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडातील पपई, पेरू, काजू, अननस, मिरची इत्यादी अनेक झाडे पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने, ज्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते, १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात इकडच्या वनस्पतींचे बारकाईने वर्णन केले. मुंबईतील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो अभिमानाने सांगतो. परके म्हणून पपईला आज कुणी वाडीबाहेर काढणार नाही, काढूही नये. पाहुणा घरच्यांच्या पंगतीला बसला आणि पंगत तशीच चालू राहिली, तर तक्रार कसली? घाणेरी सगळी पंगतच उठवते. भेद तो आहे.

बावखले का बुजली, याचे उत्तर एका शब्दात देणे सोयीचे असले, तरी खरे नाही. आधी रहाट गेले आणि पंप आले. पंपाला थकवा नसतो. पाण्याला टँकरचा भाव आला, तसे वाडीतल्या केळीपेक्षा वाडीखालचे पाणी अधिक मोलाचे ठरले. उपसा वाढला, विहिरी मचूळ झाल्या, आणि मचूळ पाण्यावर पानवेल जगत नाही. दरम्यान जमिनीच्या किमती चढल्या. १९९० साली वसई-विरार परिसराच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली. पुढे २००९ साली महानगरपालिका आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) आणि हरित वसईच्या चळवळीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी आणि झाडी यांसाठी जो लढा दिला, तो आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. त्या लढ्याने मोठी बांधकामे आणि टँकर यांना जाब विचारला. परंतु बावखल मरते ते पुष्कळदा कुणाच्या जुलमाने नव्हे, वारसांच्या संख्येने. सातबाऱ्यावर वीस नावे असलेले तळे कुणाचेच नसते. एक जण मुंबईला, एक जण आखातात, एकीचे सासर दूर. गाळ काढण्याचा खर्च कोणी करायचा? मग डासांचे निमित्त होते, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा फुकटात मिळतो, आणि दोन उन्हाळ्यांत तिथे सपाटी होते. २०१८ च्या जुलैत वसईत दिवसेंदिवस पाणी साचून राहिले आणि रेल्वे बंद पडली. त्या पुराची कारणे अनेक आहेत. मात्र पूर्वी जे पाणी बावखलात उतरत असे, ते आता दिवाणखान्यात उतरले, एवढे प्रत्येकाने पाहिले.

डासांच्या निमित्ताविषयी एक शब्द. ज्या तळ्यात मासे आणि चतुरांची पिल्ले आहेत, तिथे डासांच्या अळ्यांना फारशी संधी मिळत नाही. ती दोघेही त्यांवर जगतात. डास वाढतात ते कचऱ्याने कुजलेल्या पाण्यात, टाकून दिलेल्या टायरांत, गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि हो, बावखल बुजवून झाल्यावर उरलेल्या डबक्यातही.

पश्चिमेकडे ही चळवळ पुढे शास्त्राच्या हाती गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील लॉरी ऑटो (१९१९–२०१०) या गृहिणीने आपल्या मुलांसाठी अंगणातील हिरवळ काढून नेचे आणि अॅस्टरची रानफुले वाढू दिली. गावच्या कारभाऱ्यांना ते तण वाटले आणि त्यांनी सगळे कापून टाकले. बाईंनी त्या झाडांचे मोल सिद्ध करून भरपाई वसूल केली! याच बाईंनी डीडीटीने मेलेले रॉबिन पक्षी गोळा करून त्या औषधाविरुद्ध लढा उभारण्यात पुढाकार घेतला. विस्कॉन्सिनने १९७० साली डीडीटीवर बंदी घातली, साऱ्या देशाने १९७२ साली.

इंग्लंडमधील जेनिफर ओवेन (१९३६–२०१४) यांची रीत शांत होती. लेस्टर शहरातील त्यांचे घर अगदी सामान्य, बाग साडेसातशे चौरस मीटरपेक्षाही थोडी लहान. तिच्यात हिरवळ होती, भाजी होती, फुले होती, छोटे तळे होते. फक्त विषारी फवारणी नव्हती. १९७२ ते २००१ अशी तीस वर्षे त्यांनी त्या बागेत येणाऱ्या प्रत्येक जिवाची नोंद केली. बेरीज झाली २,६७३ जाती. त्यांपैकी सुमारे दोन हजार केवळ कीटक. त्यांतील काही तर ब्रिटनमध्ये पूर्वी कधी नोंदलेच गेले नव्हते. मधल्या काळात त्यांना मज्जासंस्थेच्या दुर्धर व्याधीने गाठले, तरी वही थांबली नाही. शहरातल्या परसात निसर्ग नसतो, हे मत त्यांनी आकड्यांनी पुसून टाकले.

डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलामी यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात याचे कारण सांगितले. पाने खाणारे बहुतेक कीटक आपापल्या ठरलेल्या वनस्पतींवरच जगतात. परक्या झाडाचे पान त्यांना अन्न म्हणून ओळखूच येत नाही. अळ्या नाहीत तिथे पिल्ले नाहीत, कारण दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवतात. चिकडी नावाच्या, आपल्या चिमणीहूनही लहान पक्ष्याला एका वेळची पिल्ले वाढवण्यासाठी सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. २०१८ साली टॅलामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन परिसरातील परसबागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे देशी झाडांचा वाटा सत्तर टक्क्यांहून कमी, तिथे या पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असे त्यात आढळले. उरलेल्या तीस टक्क्यांत आपली पपई आणि आजीची बोगनवेल सुखाने राहू शकते. अर्थात हा आकडा त्या देशाचा आणि त्या पक्ष्याचा. तो वसईला जसाच्या तसा लावता येणार नाही.

आपल्याकडे कोणती झाडे देशी, हे शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरूंनी हे काम आधीच करून ठेवले आहे. स्विस फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तिथे आहे. आणि खंडाळा परिसरातील वनस्पतींची नोंद करणारे स्पॅनिश फादर सांतापाव (१९०३–१९७०) पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. आपल्या धर्मग्रामांत त्यांची नावे फारशी घेतली जात नाहीत, याचे आम्हांला नवल वाटते.

वाडीचा तुकडा चार गुंठ्यांचा उरला असला, तरी त्यात बरेच काही मावते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर दिसणारी, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि नंतर हिरवी होणारी अळी ही काळ्या-पिवळ्या लिंबू फुलपाखराची किंवा काळ्या मॉर्मनची. तिच्यावर फवारा मारू नये, चार पाने तिला द्यावीत. आपल्या वसईचा सोनचाफा केवळ दादरच्या बाजारासाठी फुलत नाही. हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराची अळी त्याच्या पानांवर वाढते. रुईवर तांबूस-नारिंगी फुलपाखरू, बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळसर पांढरी, आंब्याच्या पानाच्या मध्यशिरेवर बेमालूम लपलेली आणखी एक. उंबर असेल तर तांबट आणि कोकीळ येतातच. पाचोळा जाळण्याऐवजी झाडाखाली ओढावा. तारांच्या जागी पुन्हा निर्गुडी लावता येते. जागा फरसबंद करायचीच असेल, तर निदान पागोळ्यांचे पाणी जिथे पडते ती पट्टी मातीची ठेवावी.

आणि बावखल शिल्लक असेल, तर त्याचा गाळ एप्रिल-मे महिन्यांत, पाणी तळाला गेल्यावर काढावा. सगळ्या वारसांची संमती त्याआधीच, नाताळच्या सुट्टीत माणसे गावी आलेली असतात तेव्हा घ्यावी. उन्हाळ्यात पत्रे पाठवत बसले, तर पाऊस येतो. निघालेला गाळ विकू नये, नारळींच्या आणि केळींच्या आळ्यांत घालावा. तीन काठ हवे तर साफ करावेत, चौथ्याला हात लावू नये. काठांना सिमेंटची भिंत घालू नये, कारण बेडूक, कासव आणि पाणकोंबडीची पिल्ले यांना उतरत्या मातीवरूनच वर येता येते, आणि पाणीही त्या मातीतूनच आत-बाहेर होते. पहिल्या पावसानंतर त्या चौथ्या काठावर काय काय उगवते, ते घरातल्या शाळकरी मुलाने वहीत तारखेसह लिहून ठेवावे.